ईशान्येचा कोपरा

अरविंद जगदाळे मास्तर खोटारडे आहेत असं कुणी म्हणालं तर इंदूरच्या स्नेहलतागंजातली अर्धी गल्ली त्याच्या अंगावर धावून जाईल. तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला माणसानं, कॉपी करणाऱ्यांचे कान उपटले आणि रिटायर झाला तेव्हा निरोपाच्या भाषणात 'सच्चा आदमी' म्हणवून घेऊन घरी आला. पण एक खोटं त्यांच्या पदरी होतंच. एकच, पण तीनदा बोललेलं.

पहिल्यांदा बोलले ते बायकोशी, शैलजाताईंशी. समीर तेव्हा रांगायला लागला होता, आणि घराच्या मधल्या चौकात, ईशान्येच्या कोपऱ्यात, विहीर होती. चाळीस फूट खोल, वर गुडघ्याएवढा कठडा. शैलजाताईंनी धोशा लावला, पोर एक दिवस आत जाईल, विहीर बुजवून टाका. तर मास्तरांचे वडील संताजीराव आडवे आले. जिवंत झऱ्यावर माती टाकणाऱ्याच्या घरात दिवा लावायला माणूस उरत नाही, म्हणाले, आणि अन्नपाणी सोडून बसले. इकडे बाप उपाशी, तिकडे बायको पोराला कडेवरून खाली ठेवीना. शैलजाताई आठ दिवस माहेरी देवासला गेल्या तेव्हा मास्तरांनी मधला मार्ग काढला. कठडा फोडला, सियागंजच्या बाजारातून लोखंडी गर्डर आणून विहिरीच्या तोंडावर आडवे टाकले, त्यावर दगडी लाद्या, त्यावर सिमेंट आणि कोटा फरशी. बाई परत आल्या तर चौक सपाट. "बुजवली?" "बुजवली." बाप जेवला, बायको झोपली. दोघांचंही भलं झालं तर त्याला खोटं कशाला म्हणायचं, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. शैलजाताई पुढे वारल्या त्या विहीर बुजलेली आहे याच समजुतीत.

दुसऱ्यांदा बोलले ते सात वर्षांपूर्वी, वाईला. समीरसाठी सुरुचीला बघायला गेले होते. इंदूरला मुलगी द्यायची म्हटलं की तिकडचे लोक दहादा विचार करतात, आणि समीरची तीन स्थळं अशीच हातची गेली होती. इथे मात्र सगळं जुळत होतं. बशा उचलल्या गेल्या, आणि मुलीच्या आईनं पदर सावरत एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात विहीर नाही ना?" सुरुचीचा थोरला भाऊ स्वानंद नऊ वर्षांचा असताना शेतातल्या विहिरीत पडून गेला होता. सुरुची सहा वर्षांची, काठावर उभी. तीन तास ती जागची हलली नाही, बोलली नाही, रडलीसुद्धा नाही. उचलून घरी नेली तेव्हा लाकडासारखी ताठ होती. अजूनही विहीर दिसली की तिचे हातपाय गार पडतात, आई म्हणाली. मास्तरांनी समीरच्या तोंडाकडे पाहिलं. "होती," ते म्हणाले, "कधीच बुजवली." महिन्याभरात लग्न झालं.

आणि तिसऱ्यांदा बोलले ते यंदा, दिवाळी झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर.

वर्षभर सुरुचीला घबराटीचा त्रास होत होता. ऑफिसात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना एकदम छाती धडधडायची, घाम फुटायचा, आता मरणार असं वाटायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, घरात एखादी शांत जागा करा, रोज थोडा वेळ बसा. तिनं ते मनावर घेतलं. फोनवर जपानी देवळांमधल्या बागा बघितल्या, वहीभर टिपणं काढली आणि त्या दिवशी आलेखाचा मोठा कागद टेबलावर पसरला. मोजमापं टाकून आखलेला चौकच होता तो.

"फुलं नाहीत, हिरवळ नाही," ती सांगत होती. "नुसती पांढरी बारीक गिट्टी. तिच्यावर दंताळ्यानं रेघा ओढायच्या, त्याच लाटा. पाणी नाही, पण पाणी आहे असं वाटतं. मला झेपेल असं पाणी, बाबा."

"बढिया," मास्तर म्हणाले.

"एक मोठा काळा दगड, दोन लहान. बांबूचं एक बेट. आणि एक छोटी दगडी कुंडी, तिच्यात थेंब थेंब पडेल इतकंच." तिची पेन्सिल कागदावरून फिरत ईशान्येच्या कोपऱ्यात थांबली. "मोठा दगड इथे ठेवीन म्हणते. बारा क्विंटलचा आहे. इथंच ना ती जुनी विहीर होती? नीट भरलीये ना?"

मास्तरांनी घास ताटात परत ठेवला. सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की बाई, तुझ्या आईनं पदर सावरत विचारलं तेव्हा मी तोंडावर खोटं बोललो, आणि सात वर्षं तू जिच्यावर पापड वाळवतेस, खुर्ची टाकून बसतेस, ती विहीर खाली जिवंत आहे? एवढ्याशा लिफ्टमध्ये जीव घाबरा होणारी पोर. ती या घरात एक रात्र तरी राहिली असती का?

"भरलीये की. फर्स्ट क्लास," मास्तर म्हणाले. मग बारा क्विंटल डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्यांनी घाईनं जोडलं, "पण बेटा, ईशान्येला जड ठेवू नये. वास्तूत बसत नाही."

समीरला हसू आवरेना. "अरे यार बाबा, तुम्ही? त्या वास्तुवाल्याला तुम्हीच तर दारातून हाकललं होतं."

"उम्र के साथ आदमी सुधरता है," मास्तर म्हणाले आणि पाणी प्यायले.

सुरुची गुणाची पोर. तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेलेले, तेव्हापासून 'बाबा' म्हणायला तिला हे एकच माणूस. "राहू दे रे," ती समीरला म्हणाली. "बाबांना नको तर नको. दगड नैर्ऋत्येला ठेवू." तिनं रबरानं गोल खोडला. त्या दुपारी मास्तर दोन तास गाढ झोपले.

डिसेंबरात काम सुरू झालं. देपालपुराहून लक्ष्मण माळी आला. कुणाच्या तरी शेतात निघालेला काळा दगड त्यानं ट्रॅक्टरवर घालून आणला आणि चेनपुलीला टांगून नैर्ऋत्येला बसवला. "बाऊजी, यो भाटो अब पाँच पीढी नी हाले," म्हणाला. दगड पाच पिढ्या हलायचा नाही म्हणे. जुनी फरशी चार बोटं उकरायची होती. मास्तर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले आणि ईशान्येकडे कुदळ वळली की ओरडायचे, "उधर नहीं भिया, नीचे नल की पाइप है." पाइप कसली आणि काय. खोट्याला पिल्लं होतात ती अशी.

एका संध्याकाळी मास्तर फिरून आले तर ईशान्येच्या कोपऱ्यात सुरुची आणि लक्ष्मण दोघं वाकून काहीतरी सरकवत होते. हातभर रुंदीचा सपाट, गोल दगड होता, पाटासारखा.

"या ना बाबा, बघा," सुरुची गाल पुसत म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून मी थोडं वाचलं. ईशान्येला जड नको हे बरोबर, पण ध्यानाला बसायला हीच जागा सगळ्यात उत्तम. म्हणून माझी बैठक इथे. कुंडी पण शेजारीच. तुमच्यामुळे सगळा नकाशाच सुधारला."

मास्तर पडवीच्या कडेवर बसले. दगड वाचवायला गेले आणि सून नेऊन बसवली होती त्यांनी विहिरीवर. तेव्हा तरी बोलायचं होतं. जीभ उचललीही होती. पण वर्षभरात त्या पोरीचा चेहरा असा कधी दिसला नव्हता, आणि लक्ष्मण समोर होता, आणि समीर चहा घेऊन आला. जानेवारी लागेस्तोवर दोन ट्रॉल्या गिट्टी पडली. बांबूच्या नळीतून कुंडीत थेंब पडू लागले आणि कुंडी भरून पाणी गिट्टीत झिरपू लागलं.

बाग झाली ती खरंच सुरेख झाली, हे कबूल करायला हवं. सुरुची संध्याकाळी ऑफिसातून आली की सियागंजातून करून आणलेलं लाकडी दंताळं घ्यायची आणि बैठकीभोवती एकात एक कडी ओढायची, डबक्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. सकाळी सात वाजता शाल पांघरून, कानात तानपुरा ऐकवणारं छोटं यंत्र लावून, डोळे मिटून अर्धा तास बसायची. तीन आठवड्यांत गोळ्या निम्म्यावर आल्या. स्वयंपाक करताना ती गुणगुणायला लागली. समीर बापाला म्हणाला, "बाबा, सही में, ही बाग म्हणजे जादू आहे."

आणि मास्तर? सकाळी सातला ते स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा कप धरून उभे राहायचे आणि हिशेब करायचे. चौतीस वर्षांचं लोखंड. खालून चोवीस तास दमट हवा. वर गिट्टी, त्यावर दगड, त्यावर छप्पन्न किलोची सून, आणि आता हे झिरपणारं पाणी. जमिनीच्या पोटात काय चालतं हे ज्याला ठाऊक नाही तो सुखी. मास्तरांनी ते पोरांना फळ्यावर काढून दाखवलेलं. साडेसात वाजता ती उठून पडवीत आली की त्यांचा श्वास सुटायचा. चहा तसाच गार झालेला असायचा.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी कडी मोडलेली दिसली. बैठकीच्या मागे गिट्टी बशीएवढी खचली होती आणि रेघा तिच्यात घसरल्या होत्या.

"मांजर बसलं असेल," सुरुची म्हणाली, दंताळ्यानं सारखं केलं आणि बसली.

मास्तरांना मांजर दिसलं नव्हतं. दोघं ऑफिसला गेल्यावर ते काठी घेऊन चौकात उतरले. एक पाय पडवीवर, एक गिट्टीत. वाकून हातानं खडे बाजूला सारले. खाली फरशीच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट पडली होती. फटीतून गार, शेवाळी वास वर आला. त्यांनी एक खडा उचलून आत सोडला आणि कान लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून, फार खालून, डुबुक.

चौतीस वर्षांनी तो आवाज ऐकला त्यांनी. घरात दुसरं कुणी नव्हतं तरी त्यांनी मागे वळून पाहिलं. मग काय केलं असेल? शहाण्या माणसानं तिथल्या तिथे मुलाला फोन लावला असता. यांनी गोणपाटाचा तुकडा आणला, फटीत कोंबला, वर गिट्टी लोटली आणि दंताळं घेऊन वेडीवाकडी कडी ओढली. जन्मभर एकच विद्या येत होती, झाकायची.

दुसऱ्या सकाळी सुरुचीनं ती कडी बघितली आणि हसून त्यांच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही दंताळं फिरवलंत?"

"हो. म्हटलं, अपन भी सीखें."

"मग असं नाही करायचं. या इकडे." तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना सरळ गिट्टीत नेलं, बैठकीपाशी, त्या फटीच्या वर. "दोन्ही पाय रोवून उभे राहा. आता श्वास सोडत सोडत मागे ओढा."

मास्तर ब्याऐंशी किलोचे. ब्याऐंशी आणि छप्पन्न, त्यांच्या डोक्यात बेरीज झाली. ओढायचं कसलं, त्यांना तळपायाखालून कुरकुर ऐकू येत होती. खरी की भासाची, देव जाणे. दंताळं हातातून सुटलं.

"बाबा, तुमचे हात बर्फ झालेत," ती म्हणाली. "आणि घाम आलाय. बीपीची गोळी घेतली?"

"घेतली," ते म्हणाले, आणि पडवीवर येऊन खांबाला धरून उभे राहिले. दिवसभरात तिनं दोनदा ऑफिसातून फोन करून त्यांची चौकशी केली. त्यामुळे त्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी खड्डा परातीएवढा झाला. नवी गिट्टी बसतेय, असं म्हणून सुरुचीनं तो पुन्हा दंताळ्यानं सारखा केला. समीर ऑफिसच्या कामाला पुण्याला गेला होता, सोमवारी येणार होता. मास्तरांनी मनाचा हिय्या करून फोन लावला. "समीर, एक बात करायची होती."

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे?"

अर्जंट. मास्तरांनी खिडकीतून चौकाकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले, "आरामात कर." फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली, खरोखरची.

मग त्यांनी ठरवलं, सोमवारपर्यंत तिला तिथे बसू द्यायचं नाही. शनिवारी सकाळी तिच्याआधी उठले, चौकाच्या दाराला कुलूप घातलं आणि चावी पायजम्याच्या खिशात टाकली. सात वाजता सुरुची शाल घेऊन आली.

"चावी कुठंय?"

"सापडत नाही बेटा. राहू दे आज, थंडी पण जबर आहे. खोलीतच बस."

"तुमच्या खिशातून तिचा गोफ लोंबतोय, बाबा," ती म्हणाली आणि हसली. "मला सर्दी होईल म्हणून ना? तुम्ही पण." तिनं गालाशी शाल ओढली, मोरीचं दार उघडलं आणि तिकडून चौकात उतरून गेली. मोरीला दार आहे हे भीतीनं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मास्तर कुलपाशी झटत राहिले. चावी लागेना. दार उघडलं तोवर ती बसली होती. मांडी घातलेली, पाठ ताठ, कानात यंत्र, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर पहाटेचा उजेड. आणि तिच्या मागे कडी हलत होती. वारा नव्हता, मांजर नव्हतं. चाळणीतून रवा गळावा तशी गिट्टी मधोमध आत जात होती, आणि एकेक रेघ सरकत त्या भोकाकडे चालली होती.

"सुरुची," त्यांनी दबक्या आवाजात हाक मारली. मोठ्यानं ओरडावं तर दचकून ती ताडकन उठेल, सगळा भार एका पायावर येईल. स्वतः धावत जावं तर ब्याऐंशी किलो. माळ्यावर चढायची लाकडी शिडी पडवीत भिंतीला टेकलेली होती. मास्तरांनी ती उचलली, गिट्टीवर आडवी टाकली, तिचं टोक बैठकीला टेकेस्तोवर ढकलली आणि सत्तरीचा माणूस ओणवा होऊन गुडघ्यांवर शिडीवरून पुढे सरकू लागला.

गिट्टीच्या खरखरीनं तिनं डोळे उघडले. सासरे चौपाया होऊन समोर. तिनं कानातलं काढलं. "बाबा, हे काय नवीन?"

"उठू नको," मास्तर म्हणाले. "पाय खाली टेकू नको. जशी आहेस तशी पुढे वाक आणि शिडी धर."

"पण झालं काय?"

साप आहे म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. अजूनसुद्धा, त्या घटकेलासुद्धा, आधी खोटंच ओठावर आलं. पण साप म्हटलं तर उडी मारेल. दुसरं काही सुचेना. मग राहिलं ते खरंच होतं.

"खाली विहीर आहे."

"कुठली विहीर?"

"तीच. बुजवलेली नाही. नुसती झाकलीये. आणि आता खचतेय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचं बघणं थांबलं. डोळे उघडे होते पण त्यांत कुणी नव्हतं. मान ताठ, बोटं वाकडी, ओठ पांढरे. वाईला तिच्या आईनं सांगितलं होतं ते मास्तरांनी आता प्रत्यक्ष पाहिलं. सहा वर्षांची पोर काठावर उभी होती. मागून गिट्टीचा आवाज वाढला.

"सुरुची. बेटा." मास्तरांनी आणखी दोन दांड्या ओलांडल्या. आता ते स्वतः विहिरीवर होते. तिचं मनगट धरलं तर दगडासारखं. काय करावं? तेहेतीस वर्षं घाबरलेली पोरं फळ्यापुढे उभी राहिली होती त्यांच्यासमोर, दातखीळ बसलेली. त्यांना बोलतं करायची एकच तऱ्हा त्यांना ठाऊक होती.

"वाईतून कोणती नदी जाते?" मास्तरांनी वर्गात विचारायचे तसं विचारलं.

काही नाही.

"जगदाळे सुरुची, प्रश्न विचारलाय. वाईतून कोणती नदी जाते?"

ओठ हलले. "कृष्णा."

"शाब्बास. उगम कुठे?"

"महाबळेश्वर."

"उजवा हात पुढे घे. पहिल्या दांडीवर. घट्ट. तिला साताऱ्याजवळ कोण मिळते?"

"वेण्णा."

"डावा हात. आता गुडघा. खाली बघायचं नाही, फळ्याकडे बघायचं. माझ्याकडे. मग पुढे?"

"कोयना," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. रडू फुटलं म्हणजे ती परत आली होती. कऱ्हाड म्हणेस्तोवर तिचे दोन्ही गुडघे शिडीवर आले. मास्तर मागे मागे सरकत होते, ती पुढे पुढे येत होती, आणि सांगलीच्या अलीकडे त्यांची टाच पडवीला लागली. त्यांनी तिला दंडाला धरून ओढलं. दोघं फरशीवर पडले.

मागे बैठकीचा दगड एका अंगाला कलला, थोडा थांबला आणि गेला. त्याच्यापाठी गिट्टी गेली, कुंडी गेली, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. मग खालून पाणी वाजलं.

सुरुची भिंतीला पाठ लावून बसली होती. मास्तरांचे दोन्ही गुडघे फुटले होते.

"तुम्ही आईला सांगितलं होतं, बुजवली," ती म्हणाली.

"हो."

"मलाही सांगितलंत."

"हो."

"ते ईशान्येचं?"

"ते पण. आणि पाइपचं पण."

"सासूबाईंना?"

मास्तरांनी मान खाली घातली. "तिला पण."

तिनं प्रत्येक उत्तराला मान हलवली. मास्तर वाट बघत होते, आता बोलेल, शिव्या देईल, बॅग भरेल. त्यांनी हात जोडले. "सुरुची, माझी बुद्धी..."

"तुम्ही जीव धोक्यात घालून मला काढलंत, बाबा," ती म्हणाली. "तेही मी पाहिलंय." मग उठली, तोंड धुतलं, दोघांचा चहा केला आणि त्यांच्या गुडघ्यांना औषध लावलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं त्यांना फार वाटलं.

समीर मिळेल त्या गाडीनं आला आणि तासभर बापावर ओरडला. मास्तरांनी मुकाट ऐकून घेतलं. इंजिनिअर आला, गंजलेले गर्डर बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाला, चार-पाच ट्रक मुरूम टाकून दोन दिवसांत भरून देतो. समीर हो म्हणणार तेवढ्यात सुरुची बोलली. ती पडवीच्या टोकाला, समीरचा दंड दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"भरायची नाही," ती म्हणाली. "कठडा बांधा, वर जाळी टाका. मला दिसली पाहिजे."

तसं झालं. कंबरेएवढा कठडा, वर लोखंडी जाळी, तिला कुलूप. सुरुचीनं आपली बैठक नैर्ऋत्येला, काळ्या दगडाच्या आडोशाला नेली, आणि कठड्याभोवती लांबूनच, दंताळ्याचा दांडा लांब करून घेऊन, पुन्हा कडी ओढायला लागली. पहिले काही दिवस कडी वाकडी यायची, मग गोल होत गेली. घर सोडून गेली नाही. वाईला आईला काय सांगितलं, सांगितलं की नाही, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. ताटात पहिली पोळी त्यांना, बीपीची चौकशी, 'बाबा' म्हणणं, सगळं होतं तसंच होतं. फेब्रुवारी संपता संपता मास्तरांना वाटलं, निभावलं. पोरीनं माफ केलं.

एका सकाळी सुरुची ऑफिसला निघाली होती. समीर आधीच गेला होता. खांद्याला पर्स, एक चप्पल पायात, दुसरी हातात. दारातूनच तिनं विचारलं, "बाबा, दुधाखालचा गॅस बंद केलात?"

"केला," मास्तर पेपर वाचता वाचता म्हणाले. खरंच केला होता. आत्ताच, स्वतःच्या हातानं.

"बरं," ती म्हणाली.

मग तिनं पायातली चप्पल काढली, पर्स खाली ठेवली, त्यांच्या खुर्चीशेजारून आत गेली आणि गॅसचं बटण बघून आली. चप्पल घालताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"येते, बाबा," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.